ऐवज की जीव? लुटारूशी गाठ पडल्यास घ्यावयाचा निर्णय

चाकू रोखून उभ्या असलेल्या माणसासमोर विचार करण्यास मिळणारा अवधी काही सेकंदांचाच असतो. पाकीट द्यावे की पळावे, ओरडावे की गप्प राहावे, गळ्यातील मंगळसूत्र सोडावे की घट्ट धरावे, या प्रश्नांची उत्तरे त्या काही सेकंदांत शोधणे बहुतेकांना साधत नाही. माणसाचे शरीरच त्याच्या वतीने काहीतरी करून मोकळे होते. ते कधी योग्य ठरते, तर कधी जिवावर बेतते. त्यामुळे हा निर्णय लुटारू समोर येण्यापूर्वी, घरी शांतपणे बसून घेऊन ठेवणे हितावह असते.

या निर्णयाची सूत्रे फार नाहीत. लुटारू वस्तू मागत असेल तर वस्तू द्यावी. तो माणसालाच आपल्यासोबत नेऊ पाहत असेल, त्याचा रोख देहावर असेल किंवा वस्तू मिळाल्यानंतरही तो वार करीत असेल, तर मात्र हे सूत्र लागू राहत नाही. तेथे सुटकेसाठी जे करता येईल ते करावे. या दोन प्रसंगांतील फरक ओळखता येणे, हाच या विषयाचा गाभा आहे.

कायद्याच्या भाषेत 'लूट' म्हणजे काय?

बोलीभाषेत चोरी, लूट आणि दरोडा हे शब्द सरमिसळ करून वापरले जात असले, तरी कायद्याने त्यांत स्पष्ट भेद केला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. या संहितेच्या कलम ३०४ मध्ये वस्तू अचानक किंवा बळाने हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चोरी करताना, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना, समोरच्यास इजा केली, अडवून ठेवले किंवा तत्काळ मृत्यूची वा इजेची धास्ती घातली, की तो गुन्हा जबरी चोरीचा होतो. कलम ३०९ नुसार त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हाच गुन्हा सूर्यास्त ते सूर्योदय या काळात महामार्गावर घडल्यास शिक्षा चौदा वर्षांपर्यंत वाढते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. जबरी चोरी वा दरोड्याच्या वेळी प्राणघातक हत्यार वापरल्यास कलम ३११ नुसार किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

या कलमांवरून एक गोष्ट ध्यानात येते. कायद्याच्या दृष्टीनेही जबरी चोरी हा केवळ मालमत्तेविरुद्धचा गुन्हा नाही. त्यात माणसाच्या शरीराला असलेला धोका गृहीत धरलेला आहे. गेलेल्या मालाची किंमत किती, यापेक्षा तो कसा नेला गेला, यावर शिक्षेचे प्रमाण ठरते. बळी पडणाऱ्यानेही त्या क्षणी हाच हिशेब मांडला पाहिजे.

लुटारूला काय हवे असते?

अमेरिकेतील सेंट लुई शहरात गुन्हेगारीशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर यांनी प्रत्यक्ष लुटमार करणाऱ्या ८६ सशस्त्र लुटारूंच्या मुलाखती घेतल्या. १९९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून लुटारूची कार्यपद्धती स्पष्ट होते. बहुतेकांना तातडीने रोकड हवी होती. समोरच्याच्या मनात मृत्यूचे भय निर्माण करणे हे त्यांचे मुख्य साधन होते. भय निर्माण झाले की बळाचा वापर न करताच काम साधते, हे त्यांना ठाऊक होते. समोरचा माणूस ऐकत नाही असे दिसले, की मात्र ते भय पुन्हा बसविण्यासाठी ते मारहाणीवर येत.

लुटारू स्वतःही घाबरलेला असतो, हेही विसरता कामा नये. त्याला पकडले जाण्याची भीती असते, वेळ कमी असतो, पुष्कळदा तो नशेत असतो. अशा माणसाच्या हातातील शस्त्र त्याच्या इच्छेशिवायही चालू शकते. त्यामुळे त्याला चकित करणारी कोणतीही गोष्ट, म्हणजे अचानक खिशात घातलेला हात, मोठ्याने दिलेली शिवी किंवा चेहऱ्यावरचा रुमाल ओढण्याचा प्रयत्न, धोका वाढविते.

शस्त्रासंबंधीची एक बाब प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. अमेरिकेतील अभ्यासांत असे आढळले आहे, की बंदूक दाखवून केलेल्या लुटीत बळी पडणाऱ्यास इजा होण्याचे प्रमाण चाकूच्या किंवा निःशस्त्र लुटीपेक्षा कमी असते; मात्र मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असते. कारण सरळ आहे. बंदूक पाहून कोणी सहसा प्रतिकार करीत नाही, त्यामुळे ती बहुधा चालत नाही. पण चाललीच तर घाव प्राणघातक होतो. हाती काहीही नसलेला लुटारू मात्र दरारा बसविण्यासाठी पहिलाच फटका मारून सुरुवात करतो. तेव्हा 'त्याच्या हातात काही नाही' हे धोका नसल्याचे लक्षण समजू नये.

शरीर काय करते?

संकटसमयी माणूस लढतो किंवा पळतो, असे सामान्यपणे म्हटले जाते. प्रत्यक्षात तिसरी प्रतिक्रियाही तितकीच सर्रास आढळते, ती म्हणजे जागच्या जागी थिजून जाणे. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, समोर काय चालले आहे ते कळत असूनही काही करता येत नाही. हा भित्रेपणा नव्हे. मज्जासंस्थेची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. मात्र लुटारूला ती प्रतिक्रिया अवज्ञा वाटू शकते. म्हणून अशा वेळी तोंडातून एखादा ठरलेला शब्द काढण्याची सवय उपयोगी पडते. 'देतो', 'घे', 'थांब, काढते' एवढे जरी म्हणता आले, तरी समोरच्याचा ताण उतरतो आणि स्वतःचाही श्वास मोकळा होतो.

दुसरी अडचण नजरेची. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले, की शस्त्र दिसताच पाहणाऱ्याची नजर त्यावर खिळते आणि शस्त्र धरणाऱ्याचा चेहरा नीट स्मरणात राहत नाही. ही बाब ठाऊक असणाऱ्यास निदान एखादी खूण लक्षात ठेवण्याचा प्रयत्न जाणीवपूर्वक करता येतो.

तिसरी बाब अंतराची. सॉल्ट लेक सिटी येथील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला हिशेब जगभरातील पोलीस प्रशिक्षणात परिचित आहे. चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फुटांचे, म्हणजे सुमारे साडेसहा मीटरचे अंतर अवघ्या दीड सेकंदात कापू शकतो. हातभर अंतरावरील चाकू हिसकावून घेण्याची चित्रपटांतील दृश्ये किती फसवी असतात, हे यावरून समजावे. उलट, लुटारू अद्याप दूर असेल आणि मागे उजेडाचा, वर्दळीचा रस्ता मोकळा असेल, तर पळून जाणे हाच उत्तम उपाय होय. पळण्याची संधी अंतर असेपर्यंतच असते.

मागणी ओळखा

लुटारूची मागणी तीन प्रकारची असू शकते. पहिली, वस्तूची: पैसे, मोबाइल, दागिने, वाहन. दुसरी, जागेची: 'गाडीत बस', 'आत चल', 'पुलाखाली ये'. तिसरी, देहाची: लैंगिक अत्याचार किंवा जीव घेण्याचा इरादा.

पहिल्या प्रकारात वस्तू देऊन टाकणे हेच बहुतांश वेळा सुरक्षित असते. शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. मोबाइल पुन्हा घेता येतो, कार्ड बंद करता येते, कागदपत्रांच्या दुय्यम प्रती मिळतात.

दुसऱ्या प्रकारात परिस्थिती मुळातच बदलते. ज्याला केवळ माल हवा आहे, त्याला माणसाला सोबत नेण्याचे कारण नसते. दुसऱ्या जागी नेण्याचा आग्रह म्हणजे साक्षीदार नसलेल्या ठिकाणी काहीतरी करावयाचे आहे, असेच समजावे. रस्त्यावर, निदान कोणी पाहण्याची शक्यता असताना, आरडाओरडा करणे, जमिनीवर बसकण मारणे, ऐवज एका दिशेला भिरकावून दुसऱ्या दिशेला धावणे यांत धोका असला, तरी पुढच्या जागी असणाऱ्या धोक्यापेक्षा तो बहुधा कमीच असतो.

तिसऱ्या प्रकारात प्रतिकार हाच मार्ग उरतो. लैंगिक हल्ल्यांविषयीच्या संशोधनात, ओरडून, ढकलून, पळून केलेल्या ठाम प्रतिकाराने हल्ला तडीस जाण्याची शक्यता घटते, असे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. तथापि भीतीने थिजल्यामुळे किंवा जिवाच्या भयाने जिला प्रतिकार करता आला नाही, तिच्याकडे दोष जात नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

प्रतिकार केल्याने इजा होतेच, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. जोंगयॉन टार्क आणि गॅरी क्लेक यांनी अमेरिकेतील गुन्हे-पीडितांच्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रतिकार करणाऱ्यांपैकी जखमी झालेल्या बहुतेकांना इजा आधी झाली होती आणि प्रतिकार त्यानंतर केला गेला होता, असे आढळले. म्हणजे वार सुरू झाल्यावर केलेला प्रतिकार आणि केवळ पाकीट वाचविण्यासाठी केलेला प्रतिकार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. सरासरीचे आकडे समोर उभ्या असलेल्या एका माणसाविषयी काही सांगत नाहीत. त्याची मागणी आणि त्याचे वर्तन मात्र सांगते.

ऐवज देताना

वस्तू देण्याचीही रीत आहे. दोन्ही हात दिसतील असे ठेवावेत. खिशात किंवा पर्समध्ये हात घालण्यापूर्वी 'पाकीट मागच्या खिशात आहे, काढतो' असे सांगावे, म्हणजे शस्त्र काढले जात असल्याचा गैरसमज होत नाही. हालचाल सावकाश करावी. मागितले तेवढे द्यावे. वाद घालू नये, गयावया करीत लांबण लावू नये, उपदेश करू नये. 'पोलिसांत देईन' अशी धमकी तर मुळीच देऊ नये. लुटारू ओळखीचा निघाला, तरी ओळखल्याचे चेहऱ्यावर दिसू देऊ नये; 'तू अमक्याचा मुलगा ना' हे एक वाक्य जिवावर बेतू शकते. डोळ्यांत रोखून पाहणे टाळावे. शक्य झाल्यास वस्तू हातात देण्याऐवजी थोड्या अंतरावर ठेवावी वा टाकावी आणि आपण मागे सरकावे, जेणेकरून दोघांत अंतर पडेल. तो निघाला की त्याचा पाठलाग करू नये. सोबत लहान मूल असल्यास त्याला प्रथम आपल्या मागे घ्यावे.

एटीएमवर लुटारूने गाठल्यास पिन क्रमांक उलटा दाबला की पोलिसांना आपोआप खबर जाते, असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. तो खोटा आहे. अशी कोणतीही सोय भारतातील एटीएम यंत्रांत नाही आणि तिच्या भरवशावर प्रयोग करणे धोक्याचे ठरेल.

मंगळसूत्र आणि मूठ

महाराष्ट्रातील शहरांत सोनसाखळी हिसकावण्याचे प्रकार बहुधा दुचाकीवरून येणारे दोघे करतात. एक जण गाडी चालवितो, मागे बसलेला गळ्याला हात घालतो. पत्ता विचारण्याच्या निमित्ताने गाडी जवळ आणली जाते. सकाळी फिरायला निघालेल्या किंवा देवळातून परतणाऱ्या ज्येष्ठ महिला अशा वेळी हेरल्या जातात.

अशा वेळी स्त्रीचा हात आपसूक गळ्याकडे जातो आणि मंगळसूत्राभोवती मूठ आवळली जाते. ही कृती विचारपूर्वक केलेली नसते. मंगळसूत्र हा केवळ दागिना नसतो, त्यात लग्नाची, कधी दिवंगत पतीची आठवण असते. परंतु धावत्या गाडीच्या वेगाशी बांधलेली ती साखळी हाती धरून ठेवणे म्हणजे स्वतःला त्या गाडीमागे फरफटू देणे होय. मानेला जखम होणे, तोल जाऊन डोके आपटणे, खुब्याचे हाड मोडणे हे अशा घटनांतील गंभीर परिणाम आहेत. साठीपुढील व्यक्तीसाठी खुब्याचे मोडलेले हाड हे हरवलेल्या सोन्यापेक्षा कितीतरी मोठे नुकसान ठरते. तेव्हा मूठ सोडावी, खाली बसावे आणि मग ओरडून लोकांचे लक्ष वेधावे. गाडीचा क्रमांक बहुधा बनावट असतो, तरीही रंग, कपडे आणि गेलेली दिशा लक्षात ठेवावी.

घरातील कर्त्या माणसांचीही येथे एक जबाबदारी आहे. 'सोने गेले तर गेले, तू पडू नकोस,' हे वाक्य आईला, सासूबाईंना, आजीला आधीच सांगून ठेवलेले असावे. दागिना गमावल्याबद्दल घरी बोलणी खावी लागतील, ही धास्ती अनेक जणींची मूठ सुटू देत नाही.

धावत्या गाडीत

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत दारात उभे राहून मोबाइलवर बोलणाऱ्याच्या हातावर रुळांलगत उभा असलेला चोर काठीने फटका मारतो. फोन खाली पडला की तो उचलून पसार होतो. 'फटका गँग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात फोनचे नुकसान हे सर्वांत कमी असते. फटक्याने तोल जाऊन किंवा फोनमागे उडी मारल्याने प्रवासी रुळांवर पडतात, हातपाय गमावतात, प्राणांसही मुकतात. दारात उभे असताना फोन खिशात ठेवावा आणि तो हातून गेलाच, तर त्यामागे पाऊलही टाकू नये.

लांब पल्ल्याच्या गाडीत काय घडू शकते, याचे एक उदाहरण देशाला ठाऊक आहे. राष्ट्रीय स्तरावरील व्हॉलीबॉलपटू अरुणिमा सिन्हा एप्रिल २०११ मध्ये लखनौहून दिल्लीकडे पद्मावत एक्स्प्रेसने निघाल्या होत्या. त्यांनी सांगितल्यानुसार, गळ्यातील साखळी ओढणाऱ्या चोरट्यांना त्यांनी प्रतिकार केला असता त्यांना बरेलीजवळ धावत्या गाडीतून बाहेर ढकलण्यात आले. शेजारच्या रुळांवरून आलेल्या गाडीखाली सापडून त्यांचा डावा पाय गेला. पुढे २१ मे २०१३ रोजी कृत्रिम पायाच्या साह्याने त्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यांच्या जिद्दीस तोड नाही. पण वीस-बावीस वर्षांची, खेळाडू असलेली, तंदुरुस्त व्यक्तीही डब्याच्या उघड्या दाराजवळ किती असहाय ठरते, हा त्या घटनेचा दुसरा धडा आहे. प्रतिकाराचा निर्णय आपल्या बळावर तर अवलंबून असतोच. आपण कोठे उभे आहोत, यावरही तो तितकाच अवलंबून असतो. उघडे दार, जिना, फलाटाची कड, पुलाचा कठडा यांजवळ झटापट करणे टाळावे. रेल्वे प्रवासात १३९ या क्रमांकावर मदत मागता येते.

घरात शिरलेला लुटारू

रात्री घरात कोणी शिरल्याची चाहूल लागल्यास पाहावयास बाहेर जाऊ नये. कुटुंबीयांना एका खोलीत घेऊन आतून कडी लावावी, दिवे लावावेत, ११२ वर दूरध्वनी करावा आणि खिडकीतून शेजाऱ्यांना हाका माराव्यात. चोरास पळण्याची वाट मोकळी ठेवावी. कोंडला गेलेला चोर अधिक धोकादायक असतो.

लुटारू थेट समोरच आले, तर मात्र रस्त्यावरचाच नियम पाळावा. किल्ल्या कोठे आहेत ते सांगावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. लुटारू हातपाय बांधतात आणि तोंडात बोळा कोंबतात किंवा चिकटपट्टी लावतात. वार न करताही केवळ गुदमरून मृत्यू ओढवू शकतो. 'मला दम्याचा त्रास आहे, ओरडणार नाही, तोंड बांधू नका,' असे शांतपणे सांगून पाहावे. काही लुटारू ऐकतात, कारण खुनाचा गुन्हा त्यांनाही नको असतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. सेफ्टी डोअरची साखळी न काढता बोलणे, कुरिअर किंवा दुरुस्तीसाठी आलेल्याची खातरजमा सोसायटीच्या रखवालदाराकडून करून घेणे, घरकामास ठेवलेल्या व्यक्तीची पोलिसांकडे नोंद करणे, दागिने व रोकड घरात न साठविणे, आणि कोणाच्याही देखत कपाट न उघडणे.

दुकान, पेट्रोल पंप आणि पेढी

गल्ल्यावर बसणाऱ्या नोकराने मालकाच्या पैशासाठी जीव धोक्यात घालावा, अशी अपेक्षा कोणत्याही मालकाने ठेवू नये. ही गोष्ट गृहीत न धरता मालकाने ती स्पष्ट शब्दांत, शक्यतो लेखी, सांगितलेली असावी. नोकरी जाण्याच्या किंवा रक्कम पगारातून कापली जाण्याच्या भीतीने पेट्रोल पंपावरील वा सराफी पेढीवरील कर्मचारी लुटारूशी झटापट करतो, तेव्हा त्या जखमेचा काही वाटा मालकाच्या मौनाकडेही जातो. गल्ल्यात किमान रोकड ठेवणे, रक्कम वेळोवेळी तिजोरीत किंवा बँकेत भरणे, भरण्याची वेळ व मार्ग बदलता ठेवणे आणि धोक्याची घंटा लुटारू गेल्यावरच वाजविणे हे नियम ठरवून द्यावेत.

प्रतिकार करावयाचाच झाल्यास

माल देऊनही वार होत असतील, बांधून नेण्याचा प्रयत्न होत असेल किंवा जीव घेण्याचा इरादा स्पष्ट दिसत असेल, तर अर्धवट प्रतिकार करू नये. जो करावयाचा तो अचानक, पूर्ण ताकदीने आणि मोठ्या आवाजात करावा. लुटारूला हरविणे हा त्याचा हेतू नसतो. पळण्यापुरती दोन-चार सेकंदांची उसंत मिळविणे, एवढाच हेतू असतो. डोळे, नाक, गळा, गुडघा ही नाजूक स्थाने होत. तिखटाचा फवारा बाळगणाऱ्याने तो पर्सच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा. वाऱ्याची दिशा उलटी असल्यास तो आपल्याच डोळ्यांत जातो, हेही लक्षात असू द्यावे. चाकू बाळगणे मात्र श्रेयस्कर नाही. प्रशिक्षण नसलेल्याच्या हातातील शस्त्र अनेकदा समोरच्याच्या हाती जाते.

कायदा काय म्हणतो?

स्वतःच्या व इतरांच्या शरीराचे आणि मालमत्तेचे संरक्षण करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये मान्य करण्यात आला आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत हीच तरतूद कलम ९६ ते १०६ मध्ये होती. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याची वाजवी भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिड हल्ल्याचा प्रसंग असेल, तर कलम ३८ नुसार या हक्काची मर्यादा हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत जाते. कलम ४१ नुसार जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी या गुन्ह्यांतही मालमत्तेच्या संरक्षणासाठी ही मर्यादा तेथपर्यंत पोहोचते.

हा हक्क अमर्याद मात्र नाही. कलम ३७ नुसार संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. धोक्याची भीती संपली की हक्कही संपतो. पळून चाललेल्या निःशस्त्र लुटारूच्या पाठीत केलेला वार किंवा पकडून खांबाला बांधलेल्या चोराला जमावाने केलेली मारहाण स्वसंरक्षणात बसत नाही. तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. नागरिकाने पकडलेल्या गुन्हेगारास विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केले पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सांगते.

सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १५ जानेवारी २०१० रोजी दिलेल्या निकालात या हक्काची तत्त्वे एकत्रित मांडली. कायदा पाळणाऱ्या नागरिकाने हल्ल्यासमोर भ्याडासारखे वागावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. तसेच जिवावर बेतलेल्या क्षणी केलेल्या बचावाचे माप सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

म्हणजे कायद्याने दिलेली मुभा मोठी आहे. परंतु हक्क असणे आणि तो बजावणे शहाणपणाचे असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाकिटासाठी लढण्याचा हक्क कायद्याने दिला असला, तरी लढताना लागलेला चाकू कायद्याला परतविता येत नाही.

घटनेनंतर

सुरक्षित जागी पोहोचताच ११२ वर कळवावे. जखम किरकोळ वाटली तरी डॉक्टरांना दाखवावी. डोक्यास लागलेल्या माराची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. घटनास्थळावरील वस्तूंना हात लावू नये. लुटारूची उंची, बांधा, भाषा, आवाज, चाल, व्रण किंवा गोंदण, कपडे, वाहन आणि गेलेली दिशा हे सर्व इतरांशी चर्चा करण्यापूर्वी लिहून काढावे. पुढे ओळख परेडच्या वेळी स्वतःच्या स्मरणाचाच आधार लागतो आणि इतरांच्या सांगण्याने ते स्मरण बदलू शकते.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने 'झिरो एफआयआर'ची ही पद्धत कायद्यात आणली आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. शस्त्र दाखविले असेल, मारहाण झाली असेल, तर तसा उल्लेख फिर्यादीत आहे ना, हे वाचून पाहावे. जबरी चोरीची नोंद साध्या चोरीत किंवा 'गहाळ' म्हणून झाली, तर पुढील तपास आणि शिक्षा दोन्ही सौम्य होतात.

बँकेस कळवून कार्डे आणि मोबाइलवरील व्यवहार तत्काळ बंद करावेत. चोरीस गेलेला फोन दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' सेवेतून बंद पाडता येतो. त्यासाठी लागणारा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून आजच काढून घरी लिहून ठेवावा. हस्तगत झालेला मुद्देमाल खटला संपेपर्यंत पोलिसांकडे पडून राहण्याचे कारण नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पंचनामा व छायाचित्रे करून मूळ मालकास लवकर परत करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि दागिन्यांच्या पावत्या व छायाचित्रे तेथे उपयोगी पडतात. गंभीर इजा झालेल्यांना किंवा मृताच्या वारसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरपाईसाठी अर्ज करता येतो.

मनाला लागलेला मार

लुटीनंतर अनेकांची झोप उडते, त्याच रस्त्याने जाण्याचे धैर्य होत नाही, दुचाकीचा आवाज आला तरी दचकायला होते. काही आठवड्यांत हे ओसरते. न ओसरल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच बाळगू नये. याहून खोलवर सलणारी गोष्ट म्हणजे लाज. विशेषतः पुरुषांना 'मी काहीच केले नाही' ही बोच छळत राहते आणि भेटायला येणारे 'मी असतो तर दोन ठेवून दिल्या असत्या' असे म्हणून तिच्यात भर घालतात. अशा बोलण्याचा दुष्परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. पुढच्या वेळी तोच माणूस, किंवा हे ऐकणारा त्याचा मुलगा, पाचशे रुपयांसाठी चाकूपुढे छाती काढतो.

पाकीट देऊन घरी सुखरूप परतलेल्या माणसाने त्या काही सेकंदांत योग्य निर्णय घेतलेला असतो. हे त्याला सांगणे, आणि असा प्रसंग आला तर काय सोडावयाचे व कशासाठी लढावयाचे, हे घरातील लहानथोरांशी एकदा बोलून ठेवणे, एवढे प्रत्येक कुटुंबाला आजच करता येण्यासारखे आहे.